हॉट स्टॅम्पिंगची पहिली डाय: सोलापूरच्या टूलरूमसाठी सविस्तर मार्गदर्शक

गाडीच्या पुढच्या आणि मागच्या दारांमधला खांब, म्हणजे बी-पिलर, आता बऱ्याच नव्या मॉडेलांत १५०० एमपीए (मेगापास्कल) ताकदीच्या पत्र्याचा असतो. जाडी जेमतेम १.२ ते २ मिमी. एवढ्या ताकदीचा पत्रा थंड दाबायला गेलात तर तो वळणाच्या त्रिज्येवर फाटतो, आणि नाही फाटला तर डाय उघडताच फाकतो. त्यावरची तोड अशी, की पत्रा मऊ असतानाच विकत घ्यायचा, ९०० ते ९५० अंशांना तापवायचा, लाल असताना दाबायचा आणि डाय न उघडता तिथेच त्याला पाणी द्यायचं, म्हणजे झटकन निववून कडक करायचं. पाणी पत्र्याला लागत नाही, ते डायच्या पोटातून वाहतं. (या लेखातले सगळे अंश सेल्सिअसचे.)

हॉट स्टॅम्पिंगची ही पद्धत नवी नाही. तिचं पेटंट १९७७ मधलं, स्वीडनमधल्या पोलाद कारखान्याचं. १९८४ मध्ये साब ९००० च्या दारांतल्या आडव्या पट्ट्या अशा बनल्या. व्होल्वोच्या पहिल्या एक्ससी ९० च्या सांगाड्यात असं पोलाद ७ टक्क्यांच्या आसपास होतं, दुसऱ्या पिढीत ते ४० टक्क्यांच्या घरात गेलं. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनसीएपी, म्हणजे धडक-चाचणीवरून गाड्यांना तारे देणं, सुरू झालं आणि ताऱ्यांच्या हिशेबात बाजूची धडक आली, तेव्हापासून या भागांची विचारपूस वाढली आहे.

पूर्ण लाइन म्हणजे तीस-चाळीस मीटरची रोलर भट्टी, ८०० ते १२०० टनांचा प्रेस आणि पाच अक्षांचा लेझर. चिंचोली किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्याने उद्या ती टाकावी, असा सल्ला इथे नाही. पण डायचे सेगमेंट (जोडून डाय होते ते तुकडे) बनवणं, झिजलेल्या तुकड्याच्या जागी बदली इन्सर्ट देणं, चाचणीचे नमुने काढणं ही कामं कॅमशाफ्ट, कास्टिंग आणि हीट ट्रीटमेंट जाणणाऱ्या या गावाला परकी नाहीत. त्यासाठी एक छोटी चाचणी डाय करून हात बसवायचा. पुढे तिचाच हिशेब दिला आहे.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की बसवा. कोल्ड प्रेसमध्ये डाय आकार देते, हॉट स्टॅम्पिंगमध्ये डाय आकार देते आणि उष्णता ओढते. आकार अर्ध्या सेकंदात होतो, उष्णता ओढायला पाच ते दहा सेकंद लागतात. भाग पास होणार की नापास, ते या दुसऱ्या कामावर ठरतं.

पत्रा

ग्रेड २२ एमएन बी ५. कार्बन ०.२० ते ०.२५ टक्के, मँगेनीज १.१ ते १.४, थोडं क्रोमियम, आणि बोरॉन फक्त ०.००२ ते ०.००५ टक्के. येताना ताकद ५०० ते ६०० एमपीए, पाणी दिल्यावर १५०० च्या आसपास, कडकपणा साधारण ४५० ते ५०० एचव्ही (विकर्स). रोटाव्हेटरची पाती याच घराण्यातल्या बोरॉन पोलादाची असतात, त्यामुळे हीट ट्रीटमेंटवाल्यांना स्वभाव ओळखीचा वाटेल.

टेस्ट सर्टिफिकेटवर बोरॉन बघून थांबू नका, टायटॅनियम आणि नायट्रोजनही बघा. नायट्रोजन मोकळा राहिला तर बोरॉनला गिळतो, आणि गिळलेला बोरॉन कडकपणाला उपयोगाचा नाही. टायटॅनियम नायट्रोजनच्या निदान ३.४ पट असावं. नायट्रोजन ०.००५ टक्के असेल तर टायटॅनियम ०.०१७ टक्क्यांच्या खाली चालणार नाही.

पत्रा दोन रूपांत मिळतो. उघडा, म्हणजे लेप नसलेला, स्वस्त असतो, पण भट्टीत त्यावर पापुद्रा धरतो, नायट्रोजनशिवाय पृष्ठभागाचा कार्बन जळतो आणि शेवटी शॉट ब्लास्ट करावा लागतो. दुसरा ॲल्युमिनियम-सिलिकॉन लेपाचा: दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम, म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण २५ मायक्रॉन. भट्टीत लोखंड या लेपात शिरतं आणि लेपाचं रूपच पालटतं. पहिले वीस-पंचवीस नमुने उघड्या पत्र्यावर काढा, हात बसला की लेपाचा पत्रा घ्या. लेपाचा पत्रा चाचणीत वाया घालवणं खिशाला परवडत नाही.

चाचणीचा भाग

उलट्या टोपीसारखा छेद घ्या. माथा ५० मिमी, खोली ३० मिमी, दोन्ही बाजूंना २५ मिमीच्या कडा, भिंतींचा उतार ७ अंश, त्रिज्या ६ मिमी, लांबी ३०० मिमी. त्याला ३०० × १५० × १.२ मिमीचा ब्लँक, म्हणजे मापात कापलेला सपाट पत्रा, लागतो, वजन ०.४२ किलो. दाबाचं क्षेत्र वरून पाहता ०.०३२ चौरस मीटर. १० एमपीए दाब हवा असेल तर ३३ टन पुरतात, म्हणून १०० टनांचा हायड्रॉलिक प्रेस भरपूर झाला. फक्त तो पूर्ण दाब धरून दहा-पंधरा सेकंद उभा राहिला पाहिजे. बऱ्याच जुन्या प्रेसमध्ये व्हॉल्व्ह गळतो आणि दाब हळूहळू उतरतो. गेजवर नजर ठेवून आधी तेवढं तपासा.

भट्टी

तापमान ९३० अंश ठेवा. या पोलादाचा संपूर्ण ऑस्टेनाइट (पाणी देण्याआधी हवी असलेली तापलेली रचना) साधारण ८५० च्या आत होतो, पण लहान भट्टीचं दार उघडलं की तापमान घसरतं, म्हणून वरचा हात. भट्टीच्या पॅनेलवरचा आकडा हवेचा असतो, पत्र्याचा नाही. पहिल्या दोन ब्लँकना तापमान मोजणाऱ्या के टाइप थर्मोकपलची ०.५ मिमीची तार स्पॉट वेल्डने चिकटवा, नोंद ठेवणारा लॉगर लावा, आणि पत्रा ९०० ला पोचायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. उघड्या पत्र्याला पोचल्यानंतर दोन मिनिटं पुरतात.

लेपाच्या पत्र्याचं गणित निराळं. एकूण ५ ते ७ मिनिटं, नेमकी मर्यादा पुरवठादाराच्या तक्त्यावरून. हा लेप ५८० अंशांच्या आसपास वितळतो. धसमुसळेपणाने तापवला तर तो वाहतो, टेकणीला चिकटतो आणि मोठ्या लाइनमध्ये सिरॅमिक रोलर खराब करतो. सेकंदाला १२ अंशांच्या आतच तापवा. टेकणी लोखंडी सळ्यांची नको, सिरॅमिकची घ्या. बाहेर आलेला ब्लँक करडा-निळसर दिसला पाहिजे. चांदीसारखा चमकत असेल तर लोखंड लेपात पुरेसं शिरलेलं नाही, आणि असा लेप डायला चिकटणार. उलट भट्टीत जास्त वेळ राहिला तर लेप जाड, ठिसूळ होतो आणि पुढे स्पॉट वेल्डला त्रास देतो. वेळ उलटून गेलेला ब्लँक परत भट्टीत घालायचा नाही, थेट भंगारात.

मोठ्या लाइनवर वीज गेली की नेमकं हेच होतं: रोलर थांबतात आणि भट्टीतली सगळी ब्लँकं एकदम मुदतीबाहेर जातात. म्हणून जनरेटर भट्टीच्या हीटरआधी रोलरच्या मोटरला आणि पाण्याच्या पंपाला जोडलेला असावा.

भट्टीतल्या हवेतली वाफ हा सोलापुरात सप्टेंबरचा विषय आहे. उन्हाळ्यात इथली हवा कोरडी असते, पण पावसाचा जोर सप्टेंबरात असतो. तापलेलं ॲल्युमिनियम वाफेशी भिडलं की हायड्रोजन सुटतो आणि तो थेट पत्र्यात शिरतो. लेप वरून झाकण घालतो, त्यामुळे तो सहज बाहेर पडत नाही. पुढे ताण असलेल्या जागी, काही तासांनी किंवा दोन-तीन दिवसांनी, भाग आपोआप तडकतो. मोठ्या भट्ट्यांत म्हणून कोरडी हवा सोडून दवबिंदू शून्याच्या खाली धरतात. छोट्या भट्टीत तेवढं जमलं नाही तरी ब्लँकवरचं तेल पुसणं, ओला ब्लँक आत न घालणं आणि ड्रायरमधून आलेली हवा सोडणं जमतं.

भट्टीतून डायपर्यंत

इथे सेकंद मोजायचे. १.२ मिमीचा लाल पत्रा उघड्या हवेत सेकंदाला १५ ते २५ अंश गमावतो. जाड पत्रा कमी, पातळ जास्त. दाबायला सुरुवात होताना तो ७५० च्या वर हवा, म्हणजे ९३० वरून निघालेल्या पत्र्याकडे जेमतेम सात-आठ सेकंद असतात.

आता आपला नेहमीचा प्रेस घ्या. चिमट्याने ब्लँक काढून डायवर ठेवायला ५ सेकंद. मग १५० मिमीची उघडीप २० मिमी प्रतिसेकंद वेगाने बंद होते, त्याला आणखी ७.५ सेकंद. एकूण साडेबारा, सेकंदाला २० अंश धरले तर २५० अंश गेले. पत्रा ६८० वर आला, ताकद वाढली, त्रिज्येवर फाटण्याची तयारी झाली. यावर दोन उपाय: झपाट्याने खाली येणारी चाल १५० ते २०० मिमी प्रतिसेकंद करून घ्या (दाबाखालचं तेल साठवणारा ॲक्युम्युलेटर लागेल), आणि ब्लँक ठेवायला लागेल तेवढीच उघडीप ठेवा. भट्टीचं तोंड प्रेसपासून दीड मीटरच्या आत.

ब्लँक खालच्या डायवर सपाट ठेवू नका. ठेवलात तर खालची बाजू प्रेस येण्याआधीच कडक व्हायला लागते. स्प्रिंगवरच्या चार टोकदार पिना बसवा, त्या ब्लँकला दहाएक मिमी वर उचलून धरतील आणि डाय बंद होताना दबतील.

हातमोजे केव्हलारचे, चेहऱ्यावर जाळी, आणि प्रेसच्या समोर कुणी उभं राहायचं नाही. तापलेला ब्लँक निसटला तर तो सरळ समोर घसरतो.

डाय

पोलाद एच १३ (गरम कामाच्या डायचं) घ्या, कडकपणा ५० ते ५२ एचआरसी (रॉकवेल). उष्णता वाहण्याची त्याची क्षमता साधारण २५ ते ३० वॅट प्रति मीटर-केल्विन. मोठे पुरवठादार साठच्या घरातलं खास पोलाद विकतात, आणि मोठ्या उत्पादनात ते पैसे वसूलही करतं, पण चाचणीला नको.

पाण्याची भोकं १० मिमी व्यासाची, कडकपणा देण्याआधी गन ड्रिलने पाडलेली. भोकाची कड डायच्या पृष्ठभागापासून १० ते १२ मिमी. जवळ नेलीत तर दाबाने आणि तापण्या-निवण्याने तडा जातो, लांब ठेवलीत तर उष्णता वेळेत निघत नाही. दोन भोकांत १० ते १५ मिमी मांस. माथ्याखाली भोकं पाडणं सोपं असतं, म्हणून तिथे दाटी होते आणि त्रिज्येजवळ एकही नसतं. पत्रा मात्र त्रिज्येवरच सगळ्यात घट्ट टेकतो आणि डाय तिथेच सगळ्यात जास्त तापते. पहिलं भोक त्रिज्येसाठी आखा, बाकीची नंतर. लांब भोक भरकटतं, म्हणून पाडल्यावर अल्ट्रासॉनिक जाडीमापकाने पृष्ठभागापासूनचं अंतर दोन्ही टोकांना आणि मध्ये तपासा.

३०० मिमीची डाय मुद्दाम १५० च्या दोन सेगमेंटांत करा. खऱ्या डायमध्ये असे वीस-तीस सेगमेंट असतात आणि गळती नेमकी सांध्यातून होते. १५० मिमीचा सेगमेंट १०० अंशांनी तापला तर ०.१८ मिमी वाढतो, तेवढी फट सोडली नाही तर सेगमेंट एकमेकांना ढकलतात आणि सांध्यावर पायरी येते. ओ-रिंग व्हिटॉनची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या रबराची. जुळवल्यावर चालू दाबाच्या दीडपट पाणी भरून तासभर ठेवा, गेज हललं नाही पाहिजे.

आता सगळ्यात नाजूक काम: टेकणं. लाल पत्रा आणि डाय यांच्यामध्ये ०.०५ मिमी हवा राहिली तरी उष्णतेचा प्रवाह मोठ्या प्रमाणात घटतो, आणि ०.१ मिमीला ती जागा जवळपास उपाशी राहते. सपाट माथ्यावर दाब वाढवून फट मिटते. भिंतीवर मिटत नाही. सात अंशांच्या भिंतीत ०.१ मिमी फट मिटवायची तर पंच (डायचा वरून दाबणारा भाग) ०.८२ मिमी आणखी खाली जायला हवा, पण माथा आधीच टेकलेला असतो, तो जाऊ देत नाही. शिवाय ओढताना भिंतीतला पत्रा थोडा पातळ होतो. पाच टक्के पातळ झाला तरी १.२ चा १.१४ होतो, म्हणजे ०.०६ मिमी फट फुकटात तयार. म्हणून डायची भिंतीतली फट पत्र्याच्या मूळ जाडीची ठेवत नाहीत, पातळ झालेल्या जाडीची ठेवतात. ती जाडी सिम्युलेशनमधून काढता येते, किंवा पहिला नमुना कापून मायक्रोमीटरने.

स्पॉटिंग, म्हणजे पत्रा डायला कुठे टेकतो ते रंगाने पाहणं, थंड पत्र्यावर करून भागत नाही. दाबलेला, निवलेला खरा नमुना घ्या, दोन्ही बाजूंना मार्किंग ब्लू लावा, परत डायमध्ये ठेवून पूर्ण टनेजने दाबा. माथ्यावर ८० टक्के आणि भिंतींवर निदान ७० टक्के निळा उमटेपर्यंत घासकाम चालू ठेवा. चांगला फिटर लाइनच्या सगळ्या यंत्रांपेक्षा इथे जास्त कमावून देतो, हे हिशेबाने खरं आहे: टेकणं सुधारून दाबून धरण्याचा वेळ दोन सेकंदांनी कमी झाला तर पंधरा सेकंदांच्या सायकलमध्ये उत्पादन पंधरा टक्क्यांनी वाढतं.

पाणी

१ किलो पत्रा ७८० वरून १५० अंशांवर आणताना साधारण ४५० ते ५०० किलोज्यूल उष्णता निघते. आपल्या ०.४२ किलोच्या नमुन्याचे झाले २०० किलोज्यूल. तीस सेकंदाला एक नमुना काढला तर सरासरी ७ किलोवॅट, म्हणजे दोन टीआर (टन रेफ्रिजरेशन, चिलरच्या ताकदीचं माप). एवढ्याला छोटा चिलर पुरतो. अडीच किलोचा खरा बी-पिलर पंधरा सेकंदाला एक काढायचा म्हटलं, की हाच आकडा ८० किलोवॅट, सुमारे २३ टीआर होतो.

भोकातून पाणी संथ वाहिलं तर भिंतीलगत तापलेल्या पाण्याचा थर चिकटून राहतो. खळबळत वाहायला हवं. १० मिमी भोकात वेग दीड मीटर प्रतिसेकंद धरा, म्हणजे एका भोकातून मिनिटाला ७ लिटर. वरच्या डायमध्ये चार आणि खालच्या डायमध्ये चार भोकं समांतर जोडली तर ५६ लिटर. ६० लिटर प्रतिमिनिट, ३ ते ४ बारचा पंप घ्या. सगळी भोकं एकापाठोपाठ एक जोडण्याचा मोह होतो, नळ्या कमी लागतात. पण मग शेवटच्या भोकाला कोमट पाणी आणि पडलेला दाब मिळतो. समांतर जोडा, मात्र प्रत्येक फांदीला स्वतःचा फ्लोमीटर हवा. पाणी सोपी वाट धरतं. एक भोक बुजलं तर मुख्य नळीवरचा मीटर काहीच सांगणार नाही.

बोअरचं पाणी थेट डायमध्ये सोडू नका. आपल्याकडचं पाणी जड आहे, आणि गरम भिंतीवर क्षार सगळ्यात आधी बसतो. भोकात १ मिमी क्षार म्हणजे पोलादाचा आणखी १५ ते २० मिमी जाड थर मध्ये आल्यासारखं. डायच्या बाजूला बंद फेरा ठेवा: डीएम (क्षार काढलेलं) पाणी, त्यात गंजरोधक, ५० मायक्रॉनची जाळी. मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर, आणि पलीकडे चिलर किंवा कूलिंग टॉवर.

उन्हाळ्यात ४२ अंशांत कूलिंग टॉवर काय काम करणार, असं वाटतं, पण कोरड्या हवेत टॉवर चांगला चालतो. तो २७ ते ३० अंशांचं पाणी देतो, मे महिन्यातही. अडचण बाष्पीभवनाची: २३ टीआरच्या कामाला, चिलरची उष्णता धरून, ताशी १५० लिटर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतो. टँकरच्या दिवसांत हा खर्च कोटेशनमध्ये धरलेला बरा. डायला १५ ते २० अंशांचं पाणी हवं असेल तर चिलर लागतोच.

आणि थंड जास्त चांगलं असंही नाही. सप्टेंबरात हवेचा दवबिंदू विशीच्या पुढे जातो. जेवणाच्या सुटीत प्रेस थांबला आणि १२ अंशांचं पाणी वाहत राहिलं की डायला घाम फुटतो. त्यावर पुढचा लाल ब्लँक पडला की वाफ, डाग आणि पुन्हा तोच हायड्रोजन. प्रेस थांबला की चिलरचा सेट पॉइंट वर जाईल अशी वायरिंग करा, नाहीतर पहिल्या ब्लँकआधी डाय पुसायची सवय लावा.

पहिली चाचणी

१० सेकंद दाबून धरून सुरुवात करा. एका ब्लँकवर तीन थर्मोकपल: माथ्याच्या मध्यभागी, भिंतीवर, त्रिज्येलगत. आलेख बघा. ७५० वरून ४०० वर यायला फार तर ११ सेकंद, कारण सेकंदाला ३० अंशांपेक्षा संथ निवलं तर मध्येच फेराइट किंवा बेनाइट (मऊ रचना) तयार होतं. टेकणं नीट असेल तर हे अंतर तीन-चार सेकंदांतच पार होतं. ४०० च्या आसपास आलेखाला किंचित कुबड येतं, ती मार्टेन्साइट (हवी असलेली कडक रचना) होताना सुटणारी उष्णता. कुबड त्याच जागी दिसलं तर पोलादाने पाणी घेतलं असं समजा. ते ६०० च्या आसपास आलं तर भिंत उपाशी आहे.

मग दर वेळी एक सेकंद कमी करत जा. डाय उघडताना सगळी ठिकाणं २०० अंशांच्या आत हवीत. एखादी जागा २५० वर सुटली तर ती बाहेर हवेत, कशाचा आधार नसताना निवते आणि भाग पिळवटतो. १५० ला सुटलेला ३०० मिमीचा भाग थंड होताना आणखी ०.४५ मिमी आखडतो, गेज बनवताना हे धरा.

एक-दोन नमुने चांगले निघाले म्हणून खूश होऊ नका, सलग पन्नास काढा. पहिला नमुना थंड डायवर निघतो, आणि थंड डाय सगळं झाकते.

कडकपणा तपासताना

१.२ मिमी पत्र्यावर एचआरसी अगदी काठावर येतं. एचव्ही १० वापरा, लेप हलका घासून. माथ्यावर तीन आणि प्रत्येक भिंतीवर तीन, असे नऊ बिंदू. मर्यादा ड्रॉइंग सांगेल. ४०० च्या खाली आकडा आला तर काहीतरी बिघडलं आहे. कुठे बिघडलं, ते आकड्यांच्या नकाशावरून कळतं.

एकच भिंत मऊ: पंच एका बाजूला सरकला आहे, गाइड पिलर बघा. दोन्ही भिंती मऊ आणि माथा कडक: माथा आधी टेकतोय, वर सांगितलेली फट. पाणी बाहेर पडतं त्या टोकाकडे कडकपणा उतरत गेला: प्रवाह कमी आहे किंवा भोक बुजत चाललंय. सगळीकडे सारखंच मऊ: डायला दोष देऊ नका, भट्टी, वाहतुकीचा वेळ आणि पत्र्याचं सर्टिफिकेट तपासा. पहिले दहा चांगले आणि चाळिसाव्यापासून घसरण: डाय तापत चालली आहे, सायकल पाण्याच्या ताकदीपेक्षा जास्त आहे. उघड्या पत्र्यावर आकडा कमी आला तर ०.१ मिमी घासून पुन्हा मोजा. आतून बरोबर आला तर कार्बन जळला आहे, पाणी बरोबर बसलं आहे.

लेपाच्या पत्र्यावर डायच्या त्रिज्येवर करडी साय साचते. तेल लावायची सोय नाही आणि घर्षण ०.४ च्या वर असतं. साय वाढली की पत्र्यावर ओरखडे आणि मग चिरा. प्रत्येक शिफ्टला बारीक एमरीने ओढीच्या दिशेने घासा, आडवं कधीच नको.

कापणी

कडक झालेला पत्रा कापायला साध्या पत्र्याच्या चौपट जोर लागतो. १०० मिमी लांबीला, १.२ मिमी जाडीला सुमारे १४ ते १५ टन. पंच लवकर चिरतात आणि कडेला ताण राहतो, जिथे हायड्रोजन वाट बघत असतो. त्यामुळे उत्पादनात लेझर वापरतात, आणि भागाच्या खर्चात लेझरचा वाटा मोठा असतो. चाचणीत शक्य तितकी कड आणि भोकं सपाट ब्लँकमध्येच, साध्या फायबर लेझरवर कापून घ्या. कडक अवस्थेत कातरलेल्या कडा तीन दिवसांनी भिंगाखाली पुन्हा बघा.

नवं काय चाललंय, आणि टूलरूमला त्याचं काय

२००० एमपीएचे ग्रेड आले आहेत. त्यांत कार्बन जास्त, म्हणून हायड्रोजनची भीतीही जास्त. दवबिंदूचा ढिसाळपणा तिथे खपत नाही. जस्ताच्या लेपाचा पत्रा गंजाला चांगला, पण पातळ झालेलं जस्त ताणाखालच्या पोलादात शिरून चिरा पाडतं. म्हणून तो आधी थंड दाबून मग तापवतात, किंवा दाबण्यापूर्वी ५०० ते ६०० अंशांपर्यंत निववतात. त्या दुसऱ्या वाटेला संथ निवूनही कडक होणारं पोलाद लागतं. निरनिराळ्या जाडीचे आणि ग्रेडचे पत्रे लेझरने जोडून पूर्ण दाराची चौकट एका दाबात काढतात. २०१४ च्या अक्युरा एमडीएक्समध्ये अशी चौकट पहिल्यांदा आली. तिथे जोडाच्या जागी लेप आधी खरवडावा लागतो, नाहीतर ॲल्युमिनियम वेल्डमध्ये मिसळतं आणि जोड मऊ राहतो. त्रिज्येच्या वळणाबरोबर वळणाऱ्या भोकांचे थ्रीडी छापलेले इन्सर्टही मिळू लागले आहेत. महाग आहेत, फक्त जिथे ड्रिल पोचत नाही तिथेच वापरावेत.

टूलरूमला सगळ्यात आधी भेटेल ती मऊ पायाची डाय. पिलर अख्खा कडक भाकरीसारखा करून चालत नाही. धडकेत वरचा भाग टिकला पाहिजे आणि पाया चेपला पाहिजे. म्हणून डायचा वरचा भाग पाण्यावर आणि पायाचा भाग कार्ट्रिज हीटरने ४०० ते ४५० अंशांवर ठेवतात. तिथे पत्रा संथ निवतो आणि ६०० ते ८०० एमपीएवर राहतो. दोन्ही भागांत हवेची फट आणि खाली उष्णतारोधक पाट लागतो. त्या दोघांमधल्या ३० ते ५० मिमी पट्ट्यात कडकपणा उतरत जातो आणि तो पट्टा ड्रॉइंगवर ठरवून दिलेला असतो. गरम सेगमेंट मात्र वाढतो: २०० मिमीचा, ४०० अंशांनी, १ मिमी. म्हणजे थंड मशीनवर तो मुद्दाम लहान कातावा लागतो, आणि त्याचं स्पॉटिंगही गरम असतानाच करावं लागतं. अशा इन्सर्टची चौकशी आली तर दिलेली मापं गरम अवस्थेतली की थंड अवस्थेतली, हे कोटेशनआधी लेखी विचारून घ्या. ड्रॉइंगवर ते बहुतेकदा लिहिलेलं नसतं.